सारजाबाईच्या नावावरचं घर

सारजाबाईला स्वतःचं घर आहे ही गोष्ट सरकारला माहीत होती, फक्त सारजाबाईला माहीत नव्हती. तिला ती कळली एका सोमवारी सकाळी, मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीच्या दारात, कोपरापर्यंत हात पिठाचे असताना.

दारात सोनिया मॅडम उभ्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. घरकुल योजनेच्या पडताळणीसाठी कंत्राटावर घेतलेल्या मुलींपैकी ही एक. गेले पंधरा दिवस ती गल्लीबोळ पालथे घालत होती. लोक तिला पाणी देत, चहा देत आणि पाठ फिरली की म्हणत, आली बाबा कातरीवाली.

नाव अगदीच चुकीचं ठेवलं होतं असंही नाही. वरून हुकूम सुटला होता, प्रतीक्षा यादी कमी करा. आता यादी कमी करायचे दोन रस्ते. एक तर घरं बांधा, नाहीतर नावं कापा. घर बांधायला जागा लागते, सिमेंट लागतं, वर्षं लागतात. नाव कापायला एक बोट पुरतं. तरी खरं सांगायचं तर त्या यादीत कापण्यासारखी नावंही ढीगभर होती. दुमजली घरवाले होते, दोन दुकानांचे मालक होते, एक तर मेलेला माणूस दोनदा होता. सारजाबाईनंच नळावर चारचौघींत ठणकावून सांगितलं होतं, "कापायलाच पायजे मेल्यांना! घर असून रांगेत उभं राहायचं म्हंजे काय?"

आणि त्या कापाकापीचा तिला फायदाच झाला होता. नऊ वर्षांपूर्वी तिनं अर्ज भरला तेव्हा तिचा नंबर होता अठराशे बेचाळीस. नऊ वर्षांत तिनं सात खोल्या बदलल्या. दर वेळी ट्रंक उचलायची, पोळपाट-लाटणं उचलायचं, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन पत्ता बदलून यायचा. नवरा लक्ष्मण शेंद्र्याला कंपनीत हेल्पर होता, तो जाऊन चौदा वर्षं झालेली. स्टेशनजवळच्या मेसमध्ये दिवसाला तीनशे पोळ्या लाटून तिनं लेकीला, अपेक्षाला, शिकवलं. अपेक्षा आता शेंद्र्यालाच पॅकिंगला होती. आणि या महिन्यात, कापाकापी सुरू झाल्यापासून, सारजाबाईचा नंबर घसरत घसरत सहाशेच्या आत आला होता. या खेपेला घरं वाटायची होती आठशे. कुणी काही म्हणो, बाईनं मनातल्या मनात देवघर कुठल्या भिंतीला लावायचं ते ठरवून टाकलं होतं.

"मावशी," सोनिया मॅडम टॅबवरून मान वर न करता म्हणाली, "तुमच्या नावावर पक्कं घर दिसतंय."

सारजाबाई हसलीच. "माझ्या? अगं, नीट बघ. दुसरी कोणतरी सारजाबाई असंल."

"आधार नंबर तुमचाच आहे. दौलताबादच्या पुढचं गाव. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आहे, नमुना आठ. दीड खोली, स्लॅब, पुढं ओटा."

"ते व्हय! ते माझं माहेर हाय, माय. ते मी कवाच भावाला सोडून दिलं. सात वर्षं झाली सही करून."

"सोडलं असेल तर चांगलंच आहे. पण उताऱ्यावर एकट्या तुमचंच नाव आहे." सोनियाचा आवाज जरा खाली आला. "शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मुदत आहे. ग्रामपंचायतीतून नवा उतारा आणा, त्यात तुमचं नाव नको. पाचला पोर्टल बंद होतं आणि नाव आपोआप कटतं. मग माझ्या हातात काही राहत नाही."

ती पुढच्या दाराकडे गेली. सारजाबाईच्या तव्यावरची पोळी जळाली. जळल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं.

सात वर्षांपूर्वीची ती भाऊबीज सारजाबाईला काल झाल्यासारखी आठवत होती. बाप जाऊन वर्ष झालं होतं. वारस दोनच, ती आणि तिच्या पाठचा कडुबा. आपल्याकडची रीत काय ती सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा काही का म्हणेना, बहिणीनं माहेरच्या घरादारावरचा हक्क सोडायचा, सही करायची, आणि भावानं तिला साडी नेसवायची. जी बहीण सही करत नाही तिच्या माहेरचा उंबरा उंच होतो. सारजाबाईनं कडुबाला ओवाळलं. त्यानं ताटात अंजिरी रंगाची काठाची साडी ठेवली आणि साडीच्या घडीवर शंभराचा बाँड ठेवला. "आक्का, इथं सही कर," एवढंच म्हणाला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, सावकाश का होईना वाचता येत होतं. पण भावानं भाऊबिजेला पुढं केलेला कागद वाचायचा? वाचणारी बहीण कसली! तिनं कुंकवाच्या बोटांनी पेन धरलं आणि सही केली. डोळ्याला पाणी आलं होतं, पण छाती फुगली होती. पुढं सात वर्षं प्रत्येक लग्नात ती साडी नेसून ती सांगत आली, मी एका सहीत सगळं सोडलं, भावाला उलटा शब्द विचारला नाय.

मंगळवारी मेसवाल्याची बोलणी खाऊन तिनं सुट्टी काढली आणि मुकुंदवाडी स्टेशनवरून सकाळची पॅसेंजर पकडली. गाडीत तिला राग आला होता तो सरकारवर. यांना साधी नावं नीट लिहिता येत नायत, असं ती समोरच्या बाईला दौलताबाद येईपर्यंत ऐकवत राहिली. स्टेशनवर उतरून अर्धा तास चालत ती गावात पोचली ती थेट ग्रामपंचायतीत.

पंचायतीचा शिपाई सांडू तिच्या ओळखीचा होता, एका वर्गातला. त्यानं कपाटातून जुनी फाइल काढली, फुंकर मारली आणि ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवली. ग्रामसेवक नवीन आलेला, घाईत असलेला पण सरळ माणूस होता. त्यानं कागद तिच्याकडे फिरवला.

"हेच ना संमतीपत्र? ही तुमची सही?"

तिचीच होती. शेजारी कुंकवाचा डागही होता, वाळून तपकिरी पडलेला.

"मग यात चुकलं काय?" ग्रामसेवक म्हणाला. "कडुबानं स्वतःचा हिस्सा राजीखुशीनं तुम्हाला दिलाय. तुम्ही घेतलाय. म्हणून घर तुमच्या नावावर लागलंय."

सारजाबाईनं कागद ओढून घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. 'माझा हिस्सा मी माझी बहीण सारजाबाई हिला देत असून यापुढे सदर घरावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.' परत वाचला. सोडणारा कडुबा होता आणि घेणारी ती. सात वर्षं जे सोडल्याचा डंका पिटला ते तिनं सोडलंच नव्हतं. उलट सगळं घर पदरात घेऊन बसली होती आणि वर साडीही घेतली होती.

"अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. सांडूनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्याला ठाऊक होतं. गावात बहुतेक सगळ्यांनाच ठाऊक असावं, असं तिला त्याच्या मानेकडं बघून वाटलं आणि तिचे कान तापले.

कडुबा घरीच होता. ओट्यावर पेरूंच्या जाळ्या भरत होता. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याची पेरू-सीताफळाची गाडी असे. बहिणीला बघून तो उठला, हसला, आणि तिचं तोंड बघून त्याचं हसू तिथंच थांबलं.

"कडुबा, भाऊबिजेला मी कशावर सही केली?"

त्याची बायको रत्नमाला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलेली, ती दारातच थबकली. कडुबानं जाळी बाजूला सारली. "बस तर आधी, आक्का."

"मी बसाया आले नाय. बोल."

मग त्यानं सांगितलं. तोंड खाली घालून, पण सांगितलं सगळं. गावात घरकुलाची यादी होणार होती. ज्याच्या नावावर पक्कं घर नाही त्यालाच मिळणार होतं. कडुबानं तर आदल्याच वर्षी बापाच्या जागेवर स्लॅब टाकलेला. कुणीतरी अक्कल शिकवली की घर दुसऱ्याच्या नावावर कर. बायकोच्या नावावर चालत नाही, ती घरातलीच धरतात. मग उरलं कोण? सर्व्हेच्या दिवशी त्यानं भांडीकुंडी उचलून शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली, फोटो काढू दिला, आणि संध्याकाळी सगळं परत आणलं.

"दुसऱ्या कुणाच्या नावावर केलं असतं तर गिळून बसला असता," कडुबा म्हणाला. "बहिणीच्या नावावर म्हंजे देवाच्या नावावर. मला कधी घोर वाटला नाय, आक्का. लई विश्वासानं केलं."

"विश्वासानं केलं तर सांगून का नाय केलं?"

कडुबानं जाळी परत पुढं ओढली. रत्नमालानं तांब्या खाली ठेवला. "तुमच्या जिवाला तोशीस काय लागली, वन्सं? कागदावरच तर हाय नाव. कागद काय चावतो व्हय?"

"चावला की! माझी नऊ वर्षं चावून खाल्ली त्यानं!" सारजाबाई ओरडली, आणि शेजारच्या ओट्यावरची म्हातारी ऐकायला पुढं सरकली. "शुक्रवारी पाच वाजता माझं नाव कटतंय. सहाशेत आलंय नाव. आठशे घरं हायत. कळतंय का तुला, कडुबा? मला घर मिळतंय या खेपेला!"

कडुबानं पहिल्यांदा वर बघितलं. "माझा बी नववा नंबर हाय, आक्का," तो हळूच म्हणाला. "गावच्या यादीत. कधी बी मंजुरी येईल. घर परत नावावर घेतलं की मी कटलो."

तर असा पेच पडला. दीड खोलीचं घर एक आणि याद्या दोन. ते घर ज्याच्या नावावर राहील त्याचं नाव कटणार. दोन्ही याद्या आता आधार नंबरांनी एकमेकींना जोडलेल्या, तिथं भावाबहिणीचं नातं चालत नव्हतं. सारजाबाईनं कितीही सोडते म्हटलं तरी कागदावर घेणाऱ्याची, म्हणजे कडुबाची, सही लागणार होती. मग सारजाबाईचा आवाज बदलला. तिनं भावाच्या दंडाला हात लावला.

"तू निदान या स्लॅबखाली झोपतोस रं. मी मालकिणीनं उठ म्हणलं की ट्रंक उचलते. सात खोल्या झाल्या. अपेक्षाला बघायला पाहुणे येणार म्हणले तर मी त्यांना नाय म्हणले, का, तर बसवू कुठं?" आणि तिला रडू आलं. कडुबालाही आलं. दोघं एका आईची लेकरं, दोघांनाही आवंढा गिळता येत नसे.

"गुरुवारी पंचायतीची मासिक मिटिंग हाय," कडुबा डोळे पुसत म्हणाला. "तिथं सही करतो. घर माझ्या नावावर घेतो. शुक्रवारी उतारा घेऊन मी स्वतः तुझ्या हापिसात येतो. मायची शपथ."

निघताना त्यानं तिच्या पिशवीत पेरू भरले, रत्नमाला आत भांडी आपटत होती.

अपेक्षाला घरी आल्यावर सगळं कळलं. पोरगी हातपाय न धुता ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आई, लिहून घेतलंस का?"

"भावाकडून लिहून घेऊ?"

"लिहून तर दिलंस ना त्याला? न वाचता?"

सारजाबाईनं तिला झापलं. मायची शपथ घेतलीय त्यानं, असं चार वेळा सांगितलं. चार वेळा सांगावं लागलं यातच सगळं आलं.

बुधवार कसाबसा गेला. गुरुवारी मेसमध्ये तिच्या पोळ्या कधी नव्हे ते कच्च्या राहू लागल्या. संध्याकाळी तिनं फोन लावला. तिसऱ्यांदा कडुबानं उचलला. मागं माणसांचा गलका होता, कुणीतरी पेढे पेढे करत होतं.

"मिटिंगला गेला होतास ना?"

"गेलो होतो, आक्का."

"झालं का काम?"

"उद्या बोलतो. उद्या." आणि फोन बंद. पेढे कसले, हे तिनं स्वतःला विचारलं आणि लगेच ठरवलं की कुणाच्या तरी नातवाचे असतील.

शुक्रवारी दुपारी दोनपासून सारजाबाई झोन ऑफिसच्या जिन्याजवळच्या बाकावर होती. तिथून फाटक दिसत होतं. बाक भरलेला होता. कुणी बापाचा दाखला आणला होता, कुणी घटस्फोटाचा कागद. एक बाई सोनिया मॅडमच्या टेबलासमोर हात जोडून उभी होती आणि सोनिया तिला म्हणत होती, "माझ्या पाया पडू नका हो, प्लीज, मी सुद्धा भाड्यानंच राहते."

तीन वाजले. कडुबाचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. गाडीवर असंल, पेरू विकत असंल, गाडी सोडून कसा येईल लवकर, असं ती स्वतःला समजावत होती. साडेतीनला फाटकातून कडुबासारखी पांढरी टोपी आत आली आणि ती ताडकन उठली. दुसराच कुणी होता. चार वाजता तिनं सांडूला फोन लावला. सांडू म्हणाला, "मला काय ठावं नाय बाई," आणि इतक्या घाईनं फोन ठेवला की तिनं लगेच परत कडुबाचा नंबर लावला. पावणेपाचला कडुबाचा फोन वाजायचाही थांबला. बंद करून ठेवला होता. तरी ती फाटकाकडं बघत राहिली. मायची शपथ, ती पुटपुटत होती, मायची शपथ घेतलीय त्यानं.

पाचला पाच मिनिटं असताना सोनियानं तिला हाक मारली. "मावशी, आणला का उतारा?"

"येतोय भाऊ. पोचतच असंल. जरा थांब की माय."

सोनिया थांबली. खरंच थांबली. हात टेबलावर ठेवून फाटकाकडं तीही बघत बसली. पण पोर्टलला फाटक दिसत नव्हतं. बरोबर पाचला टॅबवरची हिरवी पट्टी लाल झाली.

"काय लिवलंय त्यात?" सारजाबाईनं विचारलं. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

सोनियानं वाचलं. "अपात्र. कारण, लाभार्थीच्या नावे स्वतःचे पक्के घर आहे." मग ती कळवळून म्हणाली, "मावशी, खूप वाईट वाटतं हो. आज माझ्याकडून एकशे बारा नावं कटली. साहेब खूष आहेत."

सारजाबाई किती तरी वेळ त्या लाल पट्टीकडं बघत होती. तिला वाटलं होतं आपण किंचाळू, कोसळू, या पोरीला शिव्या घालू. तसलं काहीच झालं नाही. डोक्यात एक साधी गोष्ट येऊन बसली, आणि बसली ती हलेना.

"हे मला कागदावर दे," ती म्हणाली. "शिक्का मारून."

"अपात्रतेचं पत्र? त्याचं काय करणार तुम्ही? लोक फाडून टाकतात ते."

"तू दे."

शनिवारी सकाळी मुकुंदवाडीतून एक छोटा हत्ती टेम्पो निघाला. मागं ट्रंक, गॅसची शेगडी, पोळपाट-लाटणं, दोन गाद्या, देव्हारा आणि देव्हाऱ्याला धरून बसलेली अपेक्षा. पोरीला साप्ताहिक सुट्टी होती. सारजाबाई ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पिशवी. मालकिणीला तिनं एवढंच सांगितलं होतं, "स्वतःच्या घरी चालले." मालकिणीनं घरकुल लागलं समजून हातावर साखर ठेवली होती, आणि सारजाबाईनं ती खाल्लीही होती.

टेम्पो दारात थांबला तेव्हा कडुबा ओट्यावरच होता. तो उठला नाही. त्याचे डोळे सुजलेले होते, दोन रात्री झोप नसावी. सामान उतरताना बघून रत्नमाला धावत बाहेर आली. शेजारची म्हातारी तर आता उघड उघड उभी राहून बघत होती.

"आक्का," कडुबा बोलला, "मी पेन उचललं होतं गं. खरंच उचललं होतं. तेवढ्यात ग्रामसेवकानं मंजुरीची यादी वाचली. नववं नाव माझं निघालं. लोकांनी खांद्यावर घेतलं मला. मग हात चालंना."

"पेढे वाटलेस."

"वाटले." त्यानं तोंड झाकून घेतलं. "मायची शपथ मोडली मी. तोंड कसं दाखवू म्हणून फोन बंद केला."

सारजाबाई त्याच्यासमोर उभी राहिली. घराकडं बघितलं. बापाची बाज जिथं असायची तिथं आता ओटा होता. खूप काही बोलायचं ठरवून आली होती, वाटेत चार वेळा घोकलं होतं. पण भावाचं ते झाकलेलं तोंड बघून शिव्या आल्या नाहीत. राग मात्र होता तसाच होता.

"बरं झालं मंजूर झालं," ती म्हणाली. "शेतात बांध घर. चांगलं बांध. मग हे मोकळंच झालं."

"मोकळं?" रत्नमाला पुढं आली. "हे काय वन्सं, सामान कशाला उतरवता? माहेर असं लुटतात व्हय?"

सारजाबाईनं पिशवीतून कागद काढला आणि तिच्यासमोर धरला. "वाच. मी न वाचता फसले, तू वाच. सरकारचा शिक्का हाय. सारजाबाईला स्वतःचं पक्कं घर हाय, असं लिवलंय. त्यापायी माझं नाव कापलं. मला घर नसतं तर कापलं नसतं. मंग हाय तर हाय. माझ्या घरी मी राहाया आले, त्यात लुटायचं काय?"

रत्नमाला नवऱ्याकडं बघू लागली. "अहो, बोला की काही!"

कडुबा बोलणार काय? कागद त्यानंच केला होता.

"आतली खोली तुमची, तुमचं घर बांधून होईस्तोवर," सारजाबाई म्हणाली. "पुढची आमची. कुणाला बाहेर काढाया मी आले नाय. बाहेर निघायचं काय असतं ते मला लई चांगलं ठावं हाय. सोमवारपासून मी सकाळच्या गाडीनं पोळ्या लाटायला जाईन, पोरगी कंपनीत जाईल. पण तुझं घर झालं, कडुबा, की तू तुझ्या घरी जायचं." तिनं पिशवीत परत हात घातला आणि अंजिरी साडी बाहेर काढली. धुऊन घडी घातलेली, काठ अजून शाबूत. तिनं ती भावाच्या मांडीवर ठेवली. "ही घे. ही हक्क सोडल्याची होती. मी काय सोडलंच नाय, तर साडी कशाची?"

कडुबानं साडीवर हात ठेवला आणि तो हुंदके देऊन रडू लागला, लहानपणी रडायचा तसा. सारजाबाईनं त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, मग पदर खोचला आणि अपेक्षाला म्हणाली, "देव्हारा आण गं आत, पूर्वेच्या भिंतीला लाव."

टेम्पोवाला अवघडून दारात उभा होता. म्हातारी ओट्यापर्यंत आली होती. रत्नमालाला काय करावं सुचेना. शेवटी पाहुणे आले की बाईमाणसाचे पाय जिकडं वळतात तिकडं तिचे वळले, आणि ती म्हणाली, "मी चहा टाकते."

"बस तू, रत्ना," सारजाबाई उंबरा ओलांडत म्हणाली. "घर माझं हाय. चहा मी टाकते."